फायरप्लेस, बंब आणि द्राक्षाची बाग

डिसेंबर लागला की नाशिककर पेपरात आधी निफाडचा पारा बघतो. आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला, छाती मात्र आपली फुगते. असाच पारा घसरलेला असताना माझ्या मित्राने जाहीर केलं, की गंगापूर धरणाच्या बाजूला बांधतोय त्या घरात फायरप्लेस करायची. विटांची, वर चिमणी, समोर आरामखुर्ची. "लाकडाचा काय खर्च? शेजारी द्राक्षाची बाग आहे. छाटणीच्या काड्या फुकट नेऊ देतात रे!"

द्राक्षाच्या काड्या भसकन पेटतात आणि खुर्चीत नीट टेकायच्या आत संपतात. रात्र काढायची तर बाभूळ हवी आणि ती वखारीत वजनावर मिळते. ओली निघाली तर आपण लाकडाच्या भावाने पाणी घेतलेलं असतं. वर ते पाणी उडवण्यातच बरीचशी आग खर्ची पडते. शिवाय फोडायची कोणी, पावसाळ्यात रचायची कुठे, वाळवीपासून जपायची कशी आणि रोजची राख कोण काढणार? (मित्राची बायको या प्रश्नावर माझ्याकडे बघून हसली.)

चांगलं वाळलेलं किलोभर लाकूड साधारण ४ युनिट विजेइतकी उष्णता देतं. ऐकायला स्वस्त वाटतं. पण उघड्या फायरप्लेसमधली बहुतेक ऊब चिमणीवाटे धरणावरच्या पाखरांना जाते. वर धुराबरोबर खोलीतली हवाही ओढली जाते आणि तिच्या जागी फटींतून बाहेरची गार हवा आत येते. फटींच्या बाबतीत आपली घरं श्रीमंत आहेत. बरं, फटी बुजवून, दारं-खिडक्या घट्ट लावून शेगडी पेटवावी, तर ते थेट जिवावर बेतणारं. जळणातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वासही नसतो. थंड देशांतल्या लोकांचं गणित वेगळं. तिकडे झाकणबंद लोखंडी स्टोव्ह, दुहेरी काचा, ऊब धरणाऱ्या भिंती आणि महिनोन्‌महिने थंडी. चांगल्या स्टोव्हमधून ७० टक्क्यांच्या आसपास उष्णता घरात उतरते, म्हणून खर्च वसूल होतो. इथे जानेवारीत सकाळी अकरा वाजता घरात स्वेटर लागतो आणि गच्चीत शर्टही जड होतो. घर तापवण्यापेक्षा माणसाने जिना चढावा.

लाकूड कुठे कामी येतं ते आमच्या पंचवटीतल्या जुन्या घरातल्या तांब्याच्या बंबाला ठाऊक होतं. मधल्या नळीत बंबफोड आणि भोवती पाणी, त्यामुळे आगीला पळायला जागाच कमी. वीस लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला जेमतेम ०.६ युनिट उष्णता लागते. निम्मीअधिक वाया गेली असं धरलं तरी अर्धा किलो लाकडात अंघोळ होते. लाकूड दहा रुपये किलो धरलं तर पाच रुपये. गिझरही जवळपास तेवढंच खातो. म्हणजे पैशांत बरोबरी, पण गिझरसाठी कोणाला पहाटे उठून फुंकणी मारावी लागत नाही. आमच्याकडे ती आई मारायची. तिच्या त्या कामाची मजुरी कोणी हिशेबात धरलीच नाही. दिवाळीच्या आधी चिंचेने बंब घासणं वेगळंच. निखाऱ्यांत भाजलेली रताळी मात्र गिझर देत नाही, हे मान्य.

आता गंमत बघा. छप्पर, भिंती असलेल्या घरात जे परवडत नाही, तेच उघड्या रानात परवडतं. निफाड-पिंपळगावकडे पारा फारच उतरला की रात्री द्राक्षबागेत ओळींमधून शेकोट्या पेटतात. ठिबकने पाणी सोडतात, कारण विहिरीचं पाणी थंडीत त्या मानाने कोमट असतं. कडाक्यात घडांची फुगवण थांबते, मणी तडकतात आणि तडकलेल्या मण्याला बाजार नाही. वर आभाळ मोकळं, बाजूला भिंत नाही; ऊब धरून ठेवण्याच्या दृष्टीने याहून वाईट खोली सापडणार नाही. पण वर्षभराची औषधं, मजुरी आणि कर्ज त्या घडांना लटकलेलं असताना लाकडाचा किलोचा भाव कोण विचारतो? उजाडताना हाच शेतकरी डोळे चोळत, धुराने खोकत घरी येतो आणि गोधडी ओढून आडवा होतो. घर तापवायला दोन लाकडं जाळावीत, हे त्याच्या डोक्यातही येत नाही.