साभार परत, डब्लिनहून

डब्लिनच्या एका हॉटेलात मी केपी होतो. केपी म्हणजे किचन पोर्टर; सरळ सांगायचं तर भांडी घासणारा. विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला 20 तास काम करता येतं, ते सगळे सिंकपाशी जायचे. पहिली इंग्रजी गोष्ट मी ऑर्डरच्या पावत्यांच्या पाठीवर लिहिली. वाफेनं शाई फुटायची, खोलीवर येईस्तोवर अर्धं वाचता यायचं नाही.

टाइप करायला सार्वजनिक वाचनालय होतं. सभासदत्व फुकट, 2019 पासून उशिराचा दंडही नाही. तिथंच रॉडी डॉइल हाती लागला. उत्तर डब्लिनमधल्या किलबॅरॅकचा हा मास्तर, 1987 मध्ये पहिली कादंबरी पदरमोड करून छापलेला. पानंच्या पानं नुसते संवाद, तेही आमच्या किचनमध्ये ऐकू येतात तसे. माझी पात्रं तोवर बातम्या दिल्यासारखी बोलत होती.

मासिकांना गोष्ट पाठवायची ती ऑनलाइन. आधी 'रिसीव्ह्ड', मग महिनोन् महिने 'इन प्रोग्रेस', शेवटी 'डिक्लाइन्ड'. इचलकरंजीला आईला सांगितलं, साभार परत आली. जन्मभर यंत्रमागाच्या कांड्या, म्हणजे सूत गुंडाळायच्या नळ्या, भरलेली बाई, म्हणाली, "पोस्टाचा खर्च तरी वाचला न्हवं?"

2022 मध्ये सरकारनं 2000 कलावंतांना आठवड्याला 325 युरो द्यायची योजना काढली. मी अर्जाच्या वाटेला गेलो नाही. दाखवायला छापील ओळ तरी हवी!

दोन शिफ्टचे पैसे घालून एका लेखन कार्यशाळेला गेलो. शिकवलेलं फारसं आठवत नाही. चहाच्या सुट्टीत एक बाई माझं पान घेऊन आली; डब्लिनच्याच बॅलीमन भागातली, ऑफिसं झाडणारी.

"हे काय, शेफ 'स्कोल्ड' करतो? तुझा शेफ असं करतो?"

"नाही. तो गिव्ह्ज आउट."

"मग?"

इकडे रागावणं म्हणजे 'गिव्हिंग आउट'. हे मला दोन वर्षं रोज ऐकू येत होतं. त्या रात्रीपासून गोष्ट पुन्हा लिहायला घेतली. 'कांडी'ला इंग्रजी शब्द शोधणंही सोडलं.

सहाव्या खर्ड्याला होकार आला. कचऱ्याच्या डब्यांपाशी उभा राहून मेल वाचला. आत ट्रे साचले म्हणून शेफ गिव्हिंग आउट.

अंक घरी पोचला तेव्हा आईनं व्हिडिओ कॉलवर पान कॅमेऱ्याला चिकटवलं. "यात कांडी कुठं लिवलीयास?"

"आई, जरा लांब धर. काही दिसंना."