तुम्ही विचारलंत म्हणून: डॉन किहोतेच्या पुस्तकात हर्क्युलिस कशाला?

जुन्या पुस्तकांतली कोरीव चित्रं दाखवायला घेतली की हा प्रश्न हमखास येतो. लंडनच्या टॉन्सन प्रकाशकांनी १७३८ मध्ये स्पॅनिश लेखक सर्व्हांतेसची ही कादंबरी (सरदारांच्या शौर्यकथा वाचून डोकं फिरलेला, पवनचक्क्यांना राक्षस समजून भिडणारा किहोते हा तिचा नायक) मूळ स्पॅनिशमध्येच, चार देखण्या खंडांत छापली. सुरुवातीच्या चित्रात पवनचक्की शोधावी, तर समोर ग्रीक पुराणांतला महाबली हर्क्युलिस! कलादेवतांच्या पार्नासस डोंगरावर राक्षसांनी ठाण मांडलंय आणि एक सॅटर, म्हणजे बकऱ्याच्या पायांचा वनदेव, हर्क्युलिसच्या हाती मुखवटा देतोय.

अर्थ असा की हर्क्युलिस म्हणजे खुद्द सर्व्हांतेस, राक्षस म्हणजे सरदारांच्या भाकडकथा आणि मुखवटा म्हणजे उपहास. चित्रकार जॉन व्हँडरबँक. चित्रांचा खुलासा करणारा लेखही त्याच आवृत्तीत छापलाय. न छापून करतात काय! विनोदी कादंबरीला ग्रीक-लॅटिन अभिजातांच्या पंगतीत बसवायचं होतं, म्हणून हा थाट. सर्व्हांतेसचं पहिलं चरित्रही याच आवृत्तीसाठी मायान्स या स्पॅनिश विद्वानाकडून लिहून घेतलं होतं.

गंमत अशी, की सर्व्हांतेसला स्वतःला रूपकांचं एवढं अप्रूप नव्हतं. दुसऱ्या भागातला (१६१५) अकरावा अध्याय काढा. रस्त्यात एक उघडी गाडी आडवी येते. खेचरं हाकतोय सैतान. आत मृत्यू, रंगवलेल्या पंखांचा देवदूत, मुकुटवाला सम्राट. मृत्यूच्या पायाशी मदन, तोही डोळ्यांवर पट्टी न बांधलेला. किहोते दरडावून विचारतो, कोण तुम्ही? सैतान अदबीने सांगतो: आम्ही नाटकवाले. सकाळी टेकडीमागच्या गावात ‘मृत्यूचा दरबार’ केला, संध्याकाळी त्या समोरच्या गावात पुन्हा करायचाय. मध्ये कपडे काढा-घाला कोण करणार? तो पोरगा मृत्यू, ती मालकाची बायको राणी. रूपक आहे, पण प्रयोगांच्या मधल्या वेळेतलं!

म्हणून मला फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह दोरेचं, याच कादंबरीच्या १८६३ च्या आवृत्तीतलं पहिलं चित्र जास्त पटतं. राक्षस तिथेही आहेत, पण ते डोंगरावरून उतरून किहोतेच्या खोलीत शिरलेत. खुर्चीत बसलेला तो, एका हातात पुस्तक, दुसऱ्यात उगारलेली तलवार. भोवती सरदार, सुंदऱ्या, अजगर यांची ही गर्दी. त्यांना हाकलायला कुणी आलेलं नाही, आणि बोलावलंय त्यानंच. इथे खुलाशाचा लेख लागत नाही. पहिल्या अध्यायातलं एक वाक्य पुरतं: पुस्तकांत वाचलेल्या सगळ्यानं त्याचं डोकं भरून गेलं.

आणि हो, श्रेय एकट्या दोरेला देऊ नका. त्याने चित्र काढलं. लाकडाच्या ठोकळ्यावर त्यातली रेघन्‌रेघ कोरली ती एलिओदोर पिझाँने. या पुस्तकातल्या चित्रांखाली त्याचीही सही असते, जरा वाकून बघा.