उदयनगरची वारी

इंदूरहून उदयनगरला पायी निघालेल्या आमच्या जथ्यात मराठी घरे मोजकीच होती. आम्ही मूळचे नगरकडचे. त्यामुळे देवाला पायी जाणे म्हणजे वारी, मग ती देवास जिल्ह्यातल्या एका चर्चमधील कबरीची का असेना. ही कबर सिस्टर राणी मारिया यांची. केरळात जन्मलेल्या या संन्यासिनीने उदयनगर परिसरातील आदिवासींना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी बचत गट उभे केले, आणि त्याच रागातून २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या इंदूरकडे येत असताना नाचनबोरच्या डोंगरात त्यांचा खून झाला. अंगावर ५४ वार होते. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्येच त्यांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित करण्यात आले.

त्यांचा स्मृतिदिन यंदा ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आला होता. हा काळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधील उपासनेत, बायबलमधील मत्तयाचा सहावा अध्याय वाचतात: उपवास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, म्हणजे लोकांना कळणार नाही. हे ऐकून झाल्यावर आम्ही रांगेत उभे राहून कपाळावर राख लावून घेतो आणि निम्मे लोक ती संध्याकाळपर्यंत जपतात. (मीही जपतो, ऑफिसात कोणी विचारले तर बरे वाटते, हे नाकारण्यात अर्थ नाही.)

वाटेवर याच राखेची अनेक रूपे दिसली. कोणी अनवाणी चालत होते, आणि आपण अनवाणी आहोत हे दर मुक्कामाला कोणाच्या तरी कानावर घालत होते. पायाला आलेला फोड आधी मोबाइलसमोर धरला जाई, मग त्याला मलम मिळे. जपमाळेचा आवाज गाव आले की चढे आणि गाव मागे पडले की उतरे.

खुडैलच्या पुढे रस्त्याकडेला एक आदिवासी बाई बोरे विकत बसली होती. आमच्यातले एक वयस्कर गृहस्थ, ज्यांनी नुकतीच मोठ्याने जपमाळ संपवली होती, तिच्याशी पाच रुपयांवरून घासाघीस करू लागले. माळ अजून मुठीतच होती आणि तिचा क्रूस बोरांच्या टोपलीवर लोंबत होता. ज्या सिस्टरच्या कबरीकडे आम्ही निघालो होतो, तिने अशाच बायांच्या पदरात चार पैसे पडावेत म्हणून जीव गमावला, हे त्या क्षणी कोणाच्याही लक्षात आले नाही. अखेर बाईने भाव उतरवला.

मात्र त्यांना ढोंगी ठरवून मोकळे होण्याची सोय नव्हती. मागे पडलेल्या एका आजींची पिशवी चढणीपासून मुक्कामापर्यंत याच काकांनी वाहिली, तीही अशी की आजींनाच ते नंतर कळले. कोणी फोटो काढला नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही.

दिखावा म्हणजे चारचौघांत केलेली गोष्ट, असेही मला वाटत नाही. राणी मारियांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ही गोष्ट साऱ्या जगाला ठाऊक झाली. तरी तिला कोणी देखावा म्हणत नाही, कारण तो माणूस २००६ मध्ये सुटल्यावरही त्या कुटुंबाने त्याच्यासाठी आपले दार उघडे ठेवले. लोकांचे लक्ष दुसरीकडे वळल्यावर ते कृत्य तसेच टिकले की नाही, एवढेच मी पाहतो.

परतीच्या बसमध्ये पुढील वर्षासाठी सर्वांना एकसारखे टी-शर्ट शिवण्याची सूचना आली आणि पुष्कळांना ती आवडली. एका काकूंनी तेच पैसे उदयनगरच्या बचत गटांना द्यावेत असे सुचवले. तेव्हा कोणीतरी म्हणाले, मग निदान त्या धनादेशाचा फोटो तरी काढू. काकू हसल्या, आणि बैठकीचा दिवस तेवढा ठरला.