वेलंकनी: वाळूची वाट पहाटेच उरका

वसईत आमच्याकडे नवस बोलायचा तर आधी वांद्र्याची मोतमावली, म्हणजे माउंट मेरी, नाहीतर थेट तमिळनाडूतल्या समुद्रकाठची वेलंकनी माता. आईने गुडघे बदलायच्या आधी वेलंकनी मातेला बोललं होतं. गुडघे छान बसले, आणि जानेवारीत आम्ही मायलेक निघालो.

जानेवारी मुद्दाम निवडला. फेस्ताचा झेंडा 29 ऑगस्टला चढतो आणि 8 सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनी, सण संपतो. भगवे कपडे घालून चेन्नईहून चालत येणारे जथे पाहायचे तर तेव्हाच जावं, पण म्हातारं माणूस सोबत असेल तर नको. ऑक्टोबर ते डिसेंबरही टाळा. आपला पाऊस संपतो तेव्हा तिकडचा सुरू होतो. आम्ही विमानाने त्रिचीला उतरून गाडी केली. रेल्वेने जाणाऱ्यांना नागपट्टिनमहून पुढे दहा-बारा किलोमीटरच राहतात. देवस्थानाच्या स्वतःच्या खोल्या आहेत, त्या आधीच ठरवून ठेवा.

पांढरंशुभ्र चर्च लांबूनच दिसतं. 1962 मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी त्याला बॅसिलिकेचा, म्हणजे खास मानाच्या चर्चचा, दर्जा दिला. आत माता साडीत उभी. आईला हे फार आवडलं, "आपल्यातलीच दिसते" म्हणाली. नवसाच्या वस्तूंचं दालन चुकवू नका. मोतमावलीला आपण मेणाचे हातपाय वाहतो, इथे ते चांदीचे असतात.

खरं वेलंकनी मात्र बॅसिलिका ते मातेचं तळं या वाळूच्या वाटेवर आहे. दूध घेऊन निघालेल्या पोराला मातेने याच तळ्यापाशी दर्शन दिलं, अशी कथा. नवसाची माणसं ही वाट गुडघ्यांवर जातात. आईचाही तोच नवस! डॉक्टरांनी गुडघे टेकायला साफ मनाई केलेली. रात्री बराच वाद झाला आणि शेवटी ठरलं, गुडघे माझे, रोझरीची जपमाळ तिची.

पहाटे साडेपाचला सुरुवात केली. माझी चूक म्हणजे अर्धी चड्डी. वाळू मऊ दिसते, पण बारीक खडे आणि शिंपल्यांचे तुकडे कातडी सोलतात. अर्ध्या वाटेवर एका तमिळ बाईने न बोलता स्वतःचा टॉवेल दिला, तो मी गुडघ्यांना गुंडाळला. तुम्ही जाड, लांब पँट घाला. ऊन चढल्यावर हीच वाळू तव्यासारखी तापते. तळ्याच्या पाण्यासाठी रिकामी बाटली घरूनच न्या. नारळ-मेणबत्त्यांच्या दुकानांत भाव आधी विचारा.

समुद्र अगदी जवळ आहे, पण आम्ही पाण्यात उतरलो नाही. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत या किनाऱ्यावर कितीतरी यात्रेकरू गेले. लाट बॅसिलिकेत शिरली नाही हा चमत्कार, असं आई मानते. मी गप्प बसतो.

परतीला नागूरचा दर्गा पाहिला. त्याचा सर्वांत उंच मिनार तंजावरच्या मराठा राजाने, प्रतापसिंहाने, बांधला. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात भोसल्यांच्या इतिहासाचा मोठा मराठी शिलालेख आहे, तोही पाहा. फक्त भरदुपारी पोचू नका, देऊळ तेव्हा बंद असतं. आम्ही एक वाजता पोचलो आणि समोरच्या खानावळीत फिल्टर कॉफीवर कॉफी पीत बसलो.