तडा आणि ठेका

तबकडी १९२५ च्या आधीची. मायक्रोफोन नव्हता, गायकाने कर्ण्यात गायचं आणि सुईने ते मेणावर कोरायचं, असा काळ. दहा इंची, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचा अझरबैजानी मुगाम (तिथलं पारंपरिक गायन), सेगाह नावाच्या रागासारख्या प्रकारातला. आणि कडेपासून लेबलपर्यंत केसासारखा एक तडा.

लाखेची तबकडी डिस्टिल्ड पाण्याने धुतली. स्पिरिट चुकूनही लावायचं नसतं, लाख विरघळते. तीन-चार सुया लावून पाहिल्यावर २.८ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) खोबणीत नीट बसली. मिनिटाला ७८ फेऱ्यांवर, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला कुठलंही इक्वलायझेशन (खर्ज-तीव्र आवाजाचा समतोल बदलणं) न लावता उतरवून घेतली. हा भाग बहुतेक लोक उरकून टाकतात आणि मग सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकतात. माझ्या मते निम्मं नुकसान तिथेच होतं.

पुढे दोन एआय मॉडेल्स. पहिलं खानंदाचा (गायकाचा) आवाज, तार (छेडून वाजवायचं तंतुवाद्य), कमांचा (गजाने वाजवायचं) आणि डफ वेगळे करतं. दुसरं वरच्या फ्रिक्वेन्सी भरतं, कारण कर्ण्याला चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं पकडता येत नसे. हे दुसरं मॉडेल आजच्या स्वच्छ मुगाम-ध्वनिमुद्रणांवर शिकवलेलं.

तयार झालेली फाइल वाजवली आणि खोलीत कुणी बोलेना. गळ्यातली ती तुटत-थरथरत जाणारी हरकत, जंगूले, अगदी समोर बसून गायल्यासारखी ऐकू येत होती. तिच्याखाली डफाचा संथ ठेका.

मुगामचे शोबे, म्हणजे त्याचे भाग, आपल्या आलापासारखे, तालाविना गायले जातात. खानंदाच्या हातात डफ असतो, पण तिथे तो वाजवत नाही. जर्बी मुगाम हा प्रकार वेगळा: वाद्यं ठेका धरून ठेवतात, गाणारा त्यावरून मोकळा फिरतो. गाराबाग शिकेस्तेसी हे सेगाहच्याच अंगाचं असं एक रूप. त्यामुळे एका सहकाऱ्याने हे विस्मरणात गेलेलं जर्बी रूप असल्याचं जाहीर करून टाकलं आणि टिपणही लिहायला घेतलं. ज्यांना शोध लागण्याची घाई असते त्यांना कान थोडे उशिरा येतात.

मला ठेक्यात वजन सापडेना. प्रत्येक घाव सारखाच. अंतर मोजलं: ०.७६९ सेकंद, पहिल्या घावापासून शेवटच्यापर्यंत. हात असा वाजत नाही. साठला ७८ ने भागलं. ०.७६९. तबकडीची एक फेरी.

तो तडा होता. क्लिक काढणाऱ्या सॉफ्टवेअरने दोन-तीन मिलिसेकंदांचं टोकदार टोक खुडलं होतं. पण तड्याच्या दोन्ही कडा समपातळीत नव्हत्या, सुई उसळून खाली येताना मागे खोल धप्प उरत होतं. पहिल्या मॉडेलला ते डफासारखं दिसलं, दुसऱ्याने त्याला चामड्याची गुंज आणि आतल्या कड्यांची किणकिण चढवली.

इतकं गोड चुकलेलं मी आजवर ऐकलेलं नाही, म्हणूनच ते मनातून जात नाही.

मूळ उतरवलेल्या फाइलवर परत गेलो. तीन मिनिटं गुणिले ७८, म्हणजे २३४ धप्प. एकेकाची शेपटी हाताने निवडायची, खालची फ्रिक्वेन्सी तेवढ्यापुरती छाटायची, कडा जुळवायच्या. सरसकट फिल्टर लावला असता तर तार या वाद्याच्या जाड तारांचा आवाजही गेला असता. दीड दिवस लागला. मग तीच मॉडेल्स पुन्हा चालवली आणि ठेका नाहीसा झाला.

शेवटच्या वीसेक सेकंदांत मात्र खरा डफ निघाला. तिथे गाणं तालात शिरतं. क्षीण, थोडा पुढेमागे होणारा, दर दुसऱ्या घावाला जरा दाबलेला. खोट्या ठेक्याने तो पूर्ण झाकला होता.

आता मूळ उतरवणी, दुरुस्त प्रत आणि मॉडेलने भरलेला भाग अशा तीन वेगळ्या फाइल्स आम्ही ठेवतो. पण याच साखळीतून आधी गेलेल्या तबकड्यांपैकी किती तडकलेल्या होत्या, याची नोंद कुणी केलेली नाही. फडताळातून एकेक काढून उजेडाला धरून बघतोय. आज अकरा झाल्या, त्यांत दोन तडे सापडले.