तुम्ही विचारलंत म्हणून: रामटेकच का?

लग्नात भेटा, प्रदर्शनात भेटा, प्रश्न एकच येतो. "एवढा चांगला कॅमेरा आहे, हिमालयात जा ना! दरवर्षी रामटेकलाच काहून जाता?" गर्दीत उत्तर जमत नाही, म्हणून इथे लिहितो.

रामटेकचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. वर गडमंदिर, खाली अंबाळा तलाव, नाहीतर खिंडसीच्या पाण्यापलीकडून टिपलेली टेकडीची रेघ. संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच असं मांडलं, तेव्हापासून आषाढातल्या ढगांचेही फोटो निघतात. मीही सात-आठ वर्षं तेच काढले. फोटो मंदिराचा आणि डोंगर नुसता त्याच्या पायाखालचा चौथरा, असंच चालायचं.

एकदा असाच फोटो भूगर्भशास्त्राच्या एका निवृत्त सरांना दाखवला. त्यांनी शांतपणे मंदिरावर बोट ठेवून ते झाकलं आणि म्हणाले, "आता सांग, हा कोण आहे?" मला सांगता आलं नाही.

पुढच्या खेपेला अंबाळ्याच्या पायऱ्यांनी पहाटेच चढलो. अर्ध्या वाटेवर, माकडं जागी व्हायच्या आत, कडेच्या कातळावर हात टेकला. हात उचलला तर तळव्यावर चंदेरी चुरा. अभ्रक! तेवढ्यात ऊन तिरपं आलं आणि अख्खा कातळ एकदम पेटला, पाचेक मिनिटं चमकला आणि परत राखाडी झाला.

सरांनी नंतर कारण समजावलं. हा सौंसर गटाचा खडक. मुळात पाण्याखाली साचलेला गाळ, चिखल आणि वाळू. तो खोल गाडला गेला, तापला, जमिनीच्या पोटातल्या रेट्यात चेपला गेला. चिखलाचं अभ्रक झालं, वाळूची गारगोटीसारखी घट्ट शिळा झाली. दाब ज्या बाजूने आला त्याला आडवे होत अभ्रकाचे सगळे पापुद्रे एकाच दिशेने बसले. म्हणून ऊन नेमक्या कोनात आलं की सगळे एकदम चमकतात. माझ्या फोटोत पाच मिनिटं दिसतो तो उजेड नसून तो जुना दाब आहे, हे कळल्यावर अंगावर काटा आला. हे घडलं त्याला ढोबळ मानाने 100 कोटी वर्षं झाली. त्या काळी इथे मोठी पर्वतरांग उभी राहिली होती. आज आपण चढतो ती तिची झिजून उघडी पडलेली मुळं. हिमालयाला जन्म देणारी टक्कर सुरू झाली ती साधारण 5 कोटी वर्षांपूर्वी. हिमालयाबद्दल मला आदर आहे, पण वयाने तो या टेकडीचा नातूही शोभणार नाही.

आणि नागपूरहून निघालं की 50 किलोमीटरच्या आत सगळा इतिहास उलटा वाचत जाता येतो. सीताबर्डीची टेकडी काळ्या दगडाची, दख्खनच्या लाव्हाची, सुमारे 6.6 कोटी वर्षांची. दोन लाव्हांच्या मधल्या काळात इथे गोड्या पाण्याची तळी होती. त्यांतले शंख इथल्याच थरांत मिशनरी हिस्लॉप साहेबांना सापडले, ज्यांचं नाव नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला आहे. पुढे कामठी. तिथल्या वालुकाश्माला जगभरचे भूवैज्ञानिक कामठीच म्हणतात, तो लाव्हाच्याही खूप आधीच्या, गोंडवन काळातल्या नद्यांनी आणून टाकलेला. मग मनसरचं मँगनीज, तेही त्या जुन्या गाळासोबतच साचलेलं. आणि मग रामटेक. एस.टी.च्या खिडकीत बसून इतकं मागे जायला दुसरं कुठे मिळतं?

कॅमेऱ्याचंही विचारता, तर सांगतो. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, काढून ठेवा. आकाश निळंशार करण्याच्या नादात तो दगडावरची झळाळीच पिऊन टाकतो. उन्हाळ्यात जाऊ नका, धुरकट हवेत ऊन मवाळ होतं आणि पापुद्रे जागे होत नाहीत. पहिले दोन पाऊस होऊन धूळ धुतली गेली की जा. ट्रायपॉड गुडघ्याइतकाच उंच ठेवा आणि दगडाच्या जवळ जा, चेहऱ्याच्या फोटोसाठी जाता तितकं.

माझ्या आईने त्या चमकत्या कातळाचा फोटो पाहून विचारलं होतं, "अन् राम कुठे आहे यात?" वरच्या बाजूला आहे, चौकटीच्या बाहेर, असं सांगितलं. यंदा ती म्हणतेय, मलाही त्या पायरीपर्यंत ने. गुडघे दुखतात तिचे. तेव्हा पहिल्या पावसानंतर आम्ही अंधारातच निघणार आहोत, अर्धीच वाट चढायची म्हणून.