शेजार किती मीटरचा?

पहिला नकाशा काढला तेव्हा अर्धं कोल्हापूर लालभडक झालं होतं. मी खूश. डेंग्यूच्या अळ्यांचं घरोघरी सर्वेक्षण झालं होतं आणि त्या नोंदींवरून हॉटस्पॉट, म्हणजे अळ्या एकवटलेले भाग, काढायचं काम माझ्याकडं आलं होतं. प्रत्येक घराचं मोबाइलवर घेतलेलं लोकेशन आणि त्यापुढं एक आकडा: साठवलेल्या पाण्याच्या किती ठिकाणी अळ्या सापडल्या. बॅरल, हौद, कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचा टायर.

नकाशा सर्वेक्षणातल्या एका आशाताईंना दाखवला. मंगळवार पेठेतल्या एका घरावर क्लिक करून त्याचे शेजारी उजळवले, तर उजळलेले ठिपके रंकाळ्याच्या पार पलीकडं गेले. ताई म्हणाल्या, "हे कसलं ओ सर? तळ्यापलीकडची माणसं आमची शेजारी कधी झाली?"

तिथून खरं काम सुरू झालं.

गेटिस आणि ऑर्ड यांनी 1992 साली मांडलेलं जी-आय-स्टार हे हॉटस्पॉट शोधायचं माप एका घरापुरता विचार करत नाही. ते घर आणि त्याचे शेजारी मिळून आकडा बाकीच्या शहराच्या मानानं योगायोगानं यावा त्यापेक्षा जास्त आहे का, एवढंच ते विचारतं. मग शेजारी कुणाला म्हणायचं, हे कुणीतरी सांगावं लागतं. कोण कुणाचा शेजारी आणि त्याला किती वजन, ही यादी म्हणजेच वेट्स. आपण सांगितलं नाही तर सॉफ्टवेअर स्वतः ठरवतं, आणि माझ्याकडं तेच झालं होतं. जिओडा या मी वापरत असलेल्या सॉफ्टवेअरनं आपणहून असं अंतर सुचवलं होतं की प्रत्येक घराला निदान एक तरी शेजारी मिळावा. उजळाईवाडीच्या बाजूला एकच घर एकटं पडलेलं. त्या एका घराच्या सोयीसाठी सगळ्या शहराचा शेजार मोठा झाला होता.

किती मोठा, तेही मला कळलं नव्हतं, कारण खिडकीत आकडा होता 0.017. मी तो तसाच पुढं ढकलला. ते अंश होते! कोल्हापूरच्या अक्षांशावर एक अंश म्हणजे उत्तर-दक्षिण साधारण 111 किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम 107 ला जरा कमी. म्हणजे शेजार जवळपास पावणेदोन-दोन किलोमीटरचा, आणि तोही गोल नाही, किंचित चपटा. सगळे बिंदू यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या झोन 43 उत्तरमध्ये (सॉफ्टवेअरमधला कोड 32643) बदलून घेतले तेव्हा कुठं मीटरमध्ये बोलता यायला लागलं.

अजून एक घोळ वेट्सच्याही आधीचा. मला आलेल्या फाइलमध्ये फक्त अळ्या सापडलेलीच घरं होती. जिथं काही सापडलं नाही ती घरं 'कशाला पाठवायची' म्हणून कुणीतरी गाळली होती. शून्य हीसुद्धा नोंद आहे; ती नसेल तर कमी-जास्त ठरवायचं कशाच्या मानानं? मागे लागून ती मिळवली. सगळी मिळून सहाशेच्या आसपास घरं झाली.

मग प्रत्येकाला जवळचे आठ शेजारी देऊन पाहिलं. पेठेत आठ घरं एका बोळातच संपली, आर. के. नगरकडं आठ गाठायला मोकळे प्लॉट ओलांडत पाऊण किलोमीटर जावं लागलं. शेजाऱ्यांची संख्या सारखी, पण प्रत्येकाचा अर्थ वेगळा. जवळच्याला जास्त वजन द्यावं म्हटलं, तर एकाच अपार्टमेंटमधले फ्लॅट एकावर एक बसलेले. अंतर शून्य, आणि शून्यानं भागायचं कसं? शिवाय मोबाइलचं जीपीएस पाच-दहा मीटर इकडंतिकडं झालं की सगळी वजनं हलणार. तो नाद सोडला.

ठरावीक अंतरच घ्यायचं तर कोणतं? 100 मीटरपासून वाढवत मोरान आय काढत गेलो; सारखे आकडे शहरभर किती एकत्र गोळा झालेत ते हे माप सांगतं. पुस्तकी सल्ला असा की त्याचा झेड-स्कोअर, म्हणजे योगायोगापासून तो किती दूर आहे हे सांगणारा आकडा, जिथं शिखर गाठतो ते अंतर घ्या. माझा झेड-स्कोअर शिखरच गाठेना, वाढतच गेला. पेठा आणि उपनगरं यांतला ठळक फरकच त्यात उतरत होता. गल्लीतलं काही दिसत नव्हतं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

शेवटी डासाला विचारलं. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती फार लांब उडत नाही. जिथं जन्मतो त्याच्या आसपासच, फार तर चारेकशे मीटरच्या आत फिरतो. त्यात माझ्या आकडेवारीत तर अळ्या होत्या, आणि त्या कुठं जात नाहीत. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "एका नळाच्या पाळीतली घरं सारखीच वागत्यात. एकानं बॅरल भरलं की सगळी भरत्यात." मी 250 मीटर धरलं. 200 आणि 300 घेऊनही पाहिलं; लाल पट्टा तोच राहिला, फक्त कडा हलल्या.

दहा-बारा घरांना 250 मीटरमध्ये एकही शेजारी मिळाला नाही. ती करडी ठेवली. त्यांच्यासाठी शेजार पुन्हा ताणला नाही.

लाल आता एवढासाच उरला, त्यातलंही काही पुसावं लागलं. सहाशे घरं तपासली आणि योगायोगाच्या शक्यतेला 0.05 ची, म्हणजे शंभरात पाचची, मर्यादा ठेवली, तर नुसत्या योगायोगानंच तीसेक घरं रंगतात. म्हणून एफडीआरची, म्हणजे असे खोटे लाल ठिपके आटोक्यात ठेवणारी, दुरुस्ती लावली. काम देणारे साहेब जरा हिरमुसले. "पहिला नकाशा भारी होता की," म्हणाले. त्यांना दोन्ही नकाशे एका पानावर शेजारी शेजारी दिले, अंतर खाली मोठ्या अक्षरांत लिहून. वेट्सची फाइलही जोडली, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी वेगळ्याच शेजाराशी तुलना करू नये.

ताईंनी नव्या नकाशावर बोट ठेवलं ते एका न रंगलेल्या घरावर. "इथं चार बॅरल भरून अळ्या होत्या. हे लाल का नाही?" आसपासची सगळी घरं शून्य होती म्हणून. माप शेजाराचं होतं, घराचं नव्हतं. पण गप्पी मासे सोडायला जाणाऱ्या बाईला त्याचं काय? एकट्या घरात तीन किंवा जास्त ठिकाणी अळ्या सापडल्या असतील तिथं काळा ठिपका, असा दुसरा थर मी त्याच रात्री चढवला.